हातातला हॅम-रेडिओ आणि त्याची बॅटरी : पुराआधी करावयाची तयारी



पाऊसकाळ आला की आपल्या निफाड तालुक्याचे लक्ष दोन गोष्टींकडे असते. एक म्हणजे उभा ऊस आणि दुसरे म्हणजे वरच्या धरणांचा विसर्ग. गंगापूरचे पाणी गोदावरीने येते, दारणेचे येऊन तिला मिळते, पालखेडचे कादवेने येते आणि सगळे नांदूरमधमेश्वरला एकत्र होते. ऑगस्ट २०१६ मध्ये आणि पुन्हा ४ ऑगस्ट २०१९ रोजी सायखेडा-चांदोरीच्या घराघरांत पाणी शिरले, हे पिंपळगावच्या पंचक्रोशीत कोणाला सांगावयास नको.

पूर आला की सर्वांत आधी लाइट जाते. त्यानंतर काही तासांनी मोबाइलची रेंज जाते. टॉवरसुद्धा विजेवरच चालतो. त्याची बॅटरी काही तास पुरते, पुढे जनित्राला डिझेल लागते आणि डिझेल न्यावयाचा रस्ताच पाण्याखाली असतो. अशा वेळी पलीकडच्या वस्तीवर म्हातारी माणसे अडकली आहेत, दावणीला जनावरे आहेत, हे सांगावयाचे कसे? त्यावर एक उपाय म्हणजे हातात मावणारा हॅम-रेडिओ. सेट घेणारे हौसेने घेतात, पण त्याची बॅटरी, वायर आणि एरियल यांचा विचार मागे राहतो. म्हणून हा पाठ.

१. हॅम म्हणजे काय?

सरकारी परवाना घेऊन हौसेने बिनतारी संदेशवहन करणाऱ्याला हॅम म्हणतात. माजी पंतप्रधान राजीव गांधी हे परवानाधारक हॅम होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्या वेळी हॅम मंडळी आपले सेट घेऊन मदतीला गेली. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौसेच्या कामासाठी अंदमानात पोर्ट ब्लेअरला सेट लावून बसले होते. २६ तारखेला त्सुनामी आली, नेहमीचे संपर्क तुटले आणि हौसेचे तेच सेट बेटांवरच्या माणसांची खबर मुख्य भूमीवर पोहोचवू लागले. सेट लावलेला होता, माणसे सराईत होती आणि वीज देण्याची सोय होती, म्हणूनच ते जमले.

परवाना केंद्र सरकारच्या दळणवळण मंत्रालयाकडून मिळतो. त्यासाठी बारा वर्षे पूर्ण असावी लागतात आणि परीक्षा द्यावी लागते. 'रिस्ट्रिक्टेड' वर्गाला मोर्स येण्याची अट नाही. रेडिओची तोंडओळख आणि नियम एवढ्यावर भागते. शाळा-कॉलेजात जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना ही परीक्षा अवघड नाही. परवान्याशिवाय सेट वापरणे हा गुन्हा आहे, हे मात्र पक्के ध्यानात ठेवावे.

आणखी एक गोष्ट. हॅमवर धंद्याचे बोलता येत नाही. "टोळी कोणत्या गटात आहे?", "गाडी काट्यावर लागली का?" हे विचारावयाचे असेल तर त्यासाठी वेगळा परवाना असतो. नैसर्गिक आपत्तीत नेहमीचे संपर्क तुटले, तर मात्र हॅमने दुसऱ्याचा निरोप पोहोचविणे हे कामच आहे.

२. बॅटरी म्हणजे विहीर

हातातल्या सेटची बॅटरी साधारण ७.४ व्होल्टची असते आणि तिच्यावर १८०० मिलिअँपिअर-तास असा काहीसा आकडा लिहिलेला असतो. हा आकडा म्हणजे विहिरीतले पाणी समजावे. मोटार किती जोराने ओढते, त्यावर विहीर किती वेळ टिकणार हे ठरते. सेट तीन रीतींनी पाणी ओढतो. नुसता चालू ठेवून वाट पाहिली तर सुमारे ५० मिलिअँपिअर, ऐकताना सुमारे २००, आणि बटण दाबून ५ वॅटच्या पूर्ण ताकदीने बोलताना सुमारे १५००. सेटप्रमाणे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण प्रमाण हेच. बोलणे हेच सर्वांत खर्चिक.

आता हिशेब मांडू.

पुराच्या रात्री एका तासात १५ मिनिटे पूर्ण ताकदीने बोललो, १५ मिनिटे ऐकले आणि ३० मिनिटे वाट पाहिली. खर्च झाला ३७५ अधिक ५० अधिक २५, म्हणजे ४५०. विहिरीत १८००. चार तासांत विहीर कोरडी! रात्री दहाला सुरू केले तर दोन वाजता सेट मुका.

तेच बोलणे कमी ताकदीवर, म्हणजे १ वॅटवर केले तर बोलताना सुमारे ६०० मिलिअँपिअर लागतात. ताकद पाचवा हिस्सा झाली तरी खर्च पाचवा हिस्सा होत नाही, कारण सेटच्या आतले बाकीचे भाग आपला वाटा घेतातच. तरीही तासाचा खर्च २२५ वर येतो आणि बॅटरी आठ तास जाते.

आता वेळ बांधून घेऊ. दर तासाची पहिली दहा मिनिटेच सेट चालू. त्यात कमी ताकदीवर दोन मिनिटे बोलणे, तीन मिनिटे ऐकणे, पाच मिनिटे वाट पाहणे. उरलेली पन्नास मिनिटे सेट बंद. खर्च तासाला फक्त ३४ च्या आसपास. तीच बॅटरी दोन दिवसांहून जास्त टिकते. चार तास कुठे आणि दोन दिवस कुठे! यासाठी एक पैसा लागत नाही. आधी ठरवून घ्यावे लागते, इतकेच. मात्र ज्या ठिकाणी मदत मागण्याचा निरोप केव्हाही येऊ शकतो, तिथला सेट सतत चालू हवा. म्हणून पाळीने ऐकणारा एक माणूस आणि जादा बॅटरी त्या जागी ठेवावी.

३. घरातच असलेली वीज

जादा बॅटरी विकत घ्यावीच. पण त्यापलीकडे आपल्या घरात वीज साठवलेली असते, तिकडे आपले लक्ष जात नाही.

फवारणीचा बॅटरी-पंप पाहा. त्यात बहुधा १२ व्होल्ट ८ अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी असते. शिशाची बॅटरी अर्ध्याखाली उतरू देऊ नये. म्हणजे वापरावयाचे ४ अँपिअर-तास, अर्थात ४८ वॅट-तास. सेटची एक बॅटरी साधारण १३ वॅट-तासांची. वाटेतली गळती धरून पंपाच्या बॅटरीवर सेट अडीच वेळा भरून निघतो. द्राक्षाचा हंगाम संपला की पंप कोपऱ्यात जातो आणि पावसाळ्यात त्याची बॅटरी बसलेली असते. ती महिन्याला एकदा भरली तर पंपही टिकेल आणि अडचणीला कामही येईल.

ट्रॅक्टरची बॅटरी तर ७५ ते ९० अँपिअर-तासांची. तिच्यावर सेट पुष्कळ दिवस चालेल. मात्र ट्रॅक्टर सुरू होण्याइतका दम तिच्यात राहिला पाहिजे, कारण पुरात ट्रॅक्टरच माणसे काढतो.

सौर पट्टी घ्यावयाची तर २० वॅटची पुरे. स्वच्छ उन्हात दिवसाकाठी ६० वॅट-तासांच्या आसपास मिळतील. पण पूर येतो तो ढगाळ दिवसांत, आणि तेव्हा पाचवा हिस्साही मिळेलच असे नाही. म्हणून सौर पट्टी ही जोड समजावी, तिच्यावर भिस्त ठेवू नये.

साध्या पेन्सिल सेलचा डबा काही सेटना मिळतो. सहा अल्कलाइन सेल घातले की ९ व्होल्ट होतात. हे सेल वर्षानुवर्षे टिकतात आणि किराणा दुकानातही सापडतात, पण त्यांच्यावर कमी ताकदीनेच बोलावे. सेल डब्यात घालून ठेवू नयेत. ते पाझरतात आणि डबा खराब होतो.

४. जोडताना सावध

१२ व्होल्टची वायर सेटच्या ७.४ व्होल्टच्या बॅटरीला सरळ कधीही लावू नये. लिथियमची बॅटरी तापते, फुगते, पेटते. सेटच्या चार्जरसाठी १२ व्होल्टवर चालणारी वायर किंवा गाडीतला चार्जर मिळतो, तोच वापरावा. मोठ्या बॅटरीच्या अधिक टोकाला अगदी लागून ३ अँपिअरचा फ्यूज घालावा. फ्यूज सेटजवळ घातला आणि वाटेत वायर घासून उघडी पडली, तर तो काहीच वाचवीत नाही. अधिक टोकाला लाल चिकटपट्टी, उणे टोकाला काळी. अंधारात, भिजल्या हातांनी कोण काय जोडील सांगता येत नाही.

५. एरियल आणि उंची

हॅमचा नेहमीचा पट्टा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा. ही लहर सरळ जाते, डोंगराआड वळत नाही. सपाट मैदानावर दोन उभ्या माणसांच्या हातांतले सेट हिशेबाने दहा किलोमीटरपर्यंत बोलावेत. पण मध्ये दहा फुटी ओला ऊस, झाडी आणि घरे आली की दोन-तीन किलोमीटरवरच आवाज खरखरतो. उसात शिरून बोलू नये, बांधावर यावे. गच्चीवर, पाण्याच्या टाकीवर एरियल दहा मीटर उंच गेले, तर तीच मर्यादा हिशेबाने अठरा किलोमीटरवर जाते. ताकद पाचपट करण्यापेक्षा उंची वाढविणे स्वस्त पडते आणि त्याला बॅटरी लागत नाही. मात्र विजा चमकत असताना उंचावर जाऊ नये.

सेटबरोबर येणारे आखूड रबरी एरियल कमजोर असते. त्याच्या बुडाशी असलेल्या धातूच्या कड्याला ४९ सेंटिमीटर लांबीची साधी वायर जोडून ती खाली लोंबती सोडली तरी फरक पडतो. ही लांबी लहरीच्या पाव हिश्श्याच्या जवळपास येते. गुंडाळून पिशवीत ठेवता येईल असे वायरचे एरियल आणि पाच-सात मीटर केबल जवळ असली, तर एरियल फांदीला टांगून आपण खाली कोरड्यात बसू शकतो.

६. आमची फजिती

मागे आम्ही काही जणांनी पावसाळ्याच्या तोंडावर सेटची चाचणी घेतली. तीन सेट. एक वर्षभर कपाटात पडून होता. त्याची बॅटरी साफ बसलेली. दुसऱ्याचा चार्जर गावी राहिलेला. तिसरा चालला, पण बोलावयाचे कोणाशी? नंबर लिहिलेला कागद सापडेना. त्या दिवशी ऊन होते म्हणून हसलो. रात्र पुराची असती तर हसलो नसतो.

तेव्हापासून आम्ही अमावास्या आणि पौर्णिमा धरली आहे. त्या दिवशी सेट काढावयाचा, भरावयाचा, पलीकडच्या माणसाशी दोन वाक्ये बोलावयाची आणि वहीत लिहावयाचे. एरवी लिथियम बॅटरी अर्धी भरून थंड जागी ठेवली तर जास्त जगते. पण जून ते ऑक्टोबर ती भरलेलीच हवी. फुगलेली बॅटरी ताबडतोब बाजूला काढावी.

७. पिशवीत काय असावे

सेट, दोन भरलेल्या बॅटऱ्या, पेन्सिल सेलचा डबा आणि वेगळे सेल, १२ व्होल्टची फ्यूजवाली वायर, गुंडाळीचे एरियल, परवान्याची प्रत, ठरलेल्या फ्रिक्वेन्सीचा कागद, वही आणि शिसपेन्सिल. ओल्या कागदावर बॉलपेन उठत नाही. कानातले बोंडूक घ्यावेच. त्याने बॅटरी वाचते आणि गलक्यातही ऐकू येते. हे सर्व खताच्या जाड प्लास्टिक पिशवीत घट्ट बांधले तरी चालेल, फक्त पिशवी धुऊन कोरडी केलेली असावी.

निरोप आधी लिहावा, मग बटण दाबावे. कुठून, काय, किती, केव्हा एवढेच. "पुलापलीकडची मळ्यातली वस्ती. सात माणसे, एक अंथरुणाला खिळलेला. पाणी ओट्याला लागले. पहाटे ४ वाजून १० मिनिटे." पंधरा सेकंदांत काम होते. ऐकणाऱ्याने तेच परत म्हणून दाखवावे आणि तलाठी किंवा पोलीस पाटलांकडे पोहोचवावे.

घरचा अभ्यास

पुढच्या अमावास्येपूर्वी प्रत्येकाने तीन गोष्टी कराव्यात. फवारणी पंपाची बॅटरी भरून तिच्यावर तारीख लिहावी. घरातल्या एका मुलाला किंवा मुलीला हॅमच्या परीक्षेची माहिती काढावयास सांगावे. अर्ज 'सरल संचार' या सरकारी संकेतस्थळावर करता येतो. आणि आपल्या शिवारात सर्वांत उंच, सुरक्षित जागा कोणती, हे दिवसाउजेडी जाऊन पाहून ठेवावे.

विहीर खणावयाची ती तहान लागण्यापूर्वी. हेही तसेच आहे.