कीर्द आणि खतावणी

तळेऱ्यात विजयदुर्गचा रस्ता महामार्गाला मिळतो, आणि वैभववाडी-गगनबावड्यावरून कोल्हापूरचाही. आंब्याच्या हंगामात पेट्यांच्या गाड्या रात्रभर चालू. त्या पेट्यांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर मी घरी बसून सांभाळतो. दुसऱ्याच हंगामात कुणी रिपोर्ट उघडला की गाडी भरणाऱ्या पोरांची एंट्री रखडू लागली. तेव्हा शिकलो ते असं:

१. आधी सर्व्हर वाढवू नका. मी वाढवला, आठवडाभर बरं वाटलं. पोस्टग्रेसला 'एक्स्प्लेन ॲनालाइझ' नंतर विचारलं, तर एका दिवसाच्या पेट्या मोजायला तो अख्खं टेबल वाचत होता.

२. इंडेक्स होता की! पण माझी क्वेरी प्रत्येक नोंदीच्या वेळेतून तारीख काढून ती १५ एप्रिलशी ताडत होती. रकान्यावर असं फंक्शन घातलं की साधा इंडेक्स कामाचा राहत नाही. '१५च्या मध्यरात्रीपासून १६च्या मध्यरात्रीच्या आत' असं लिहिलं, रिपोर्ट झटक्यात आला. तिथेच दुसरी चूक सापडली. वेळ यूटीसीत होती, म्हणून पहाटे साडेपाचच्या आत भरलेल्या पेट्या आदल्या दिवशी पडत. एक बागायतदार महिनाभर हिशेब जुळत नाही म्हणून सांगत होते, आणि मी त्यांनाच 'काका, परत मोजा' म्हणत होतो.

३. रिपोर्टगणिक नवा इंडेक्स नको. प्रत्येक एंट्रीला तोही लिहावा लागतो. नोंदी वेळेच्या क्रमाने येत असतील तर ब्रिन बघा. पोस्टग्रेस ९.५ पासून आहे, जागा अगदी थोडी खातो.

४. महिनावार पार्टिशन करा. जुना हंगाम काढताना डिलीट चालवत बसावं लागत नाही, पार्टिशन सुटं करायचं.

५. आजोबांच्या दुकानात दोन वह्या होत्या. दिवसभर कीर्द, रात्री त्यातून खतावणी. कुणी बाकी विचारली की आजोबा खतावणीचं पान काढत, वर्षाची कीर्द चाळत नसत. मी मात्र प्रत्येक क्लिकला अख्खी कीर्द चाळायला लावत होतो! मटेरियलाइज्ड व्ह्यू करून पाहिला, पण रिफ्रेश करताना तो सगळंच पुन्हा मोजतो. आता संपलेल्या दिवसाची बेरीज वेगळ्या टेबलात जाते. रिपोर्ट ती बेरीज आणि आजच्या नोंदी, एवढंच वाचतो. मागच्या तारखेची पेटी रद्द झाली तर त्या एकाच दिवसाची बेरीज पुन्हा.

६. रिपोर्टसाठी वेगळी रेप्लिका अजून घेतलेली नाही. लागली नाही. तो वाढवलेला सर्व्हरही हंगाम संपल्यावर पुन्हा लहान केला.