रक्त परत आले, तरी पेशी का मरतात?

“डॉक्टर, शीर वेळेत उघडली, जाळीही बसवली. मग वडिलांना जिना चढताना अजून दम का लागतो?” असा प्रश्न अलीकडे एका तरुणाने विचारला. प्रश्न रास्त आहे. त्याचे अर्धे उत्तर बहुतेकांना ठाऊक असते. गुठळीमुळे रक्त अडले की सुमारे वीस मिनिटांनंतर हृदयाच्या स्नायूतील पेशी मरू लागतात आणि उशीर होईल तसतशा अधिक मरतात. उरलेले अर्धे मात्र चमत्कारिक वाटेल. काही पेशी रक्त परत आल्यामुळेच मरतात! जेनिंग्ज या अमेरिकन शास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९६० मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांत हे प्रथम नोंदवले.

म्हणून शीर उघडूच नये, असा अर्थ कोणी काढू नये. रक्त आलेच नाही तर सगळाच भाग मरतो.

कित्येक दिवसांच्या उपाशी माणसाला एकदम पंगतीला बसवले तर त्याला ते सोसत नाही. पेशीचेही तसेच होते. प्रत्येक पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका असतात. रक्त बंद असताना पेशीत आम्ल साचते, कॅल्शियम वाढते. रक्त येताच प्राणवायूचा लोंढा येतो, त्यातून घातक प्राणवायू-कण उसळतात आणि आम्लता झपाट्याने उतरते. या आम्लतेनेच तंतुकणिकेच्या आवरणातील एक दार आतापर्यंत बंद धरलेले असते. ती जाताच दार सताड उघडते, तंतुकणिका फुगून फुटते आणि तिच्यामागोमाग पेशीही जाते.

या दाराची एक कडी सायक्लोफिलिन डी नावाच्या प्रथिनाच्या हाती असते आणि ते प्रथिन पीपीआयएफ या जनुकाच्या हुकुमाने बनते. २००५ मध्ये हे जनुक काढून टाकलेल्या उंदरांवर प्रयोग झाले. त्यांच्या हृदयाचे रक्त रोखून पुन्हा सोडले, तेव्हा स्नायूचे नुकसान इतर उंदरांपेक्षा बरेच कमी झाले.

माणसाचे जनुक असे काढता येत नाही, पण प्रथिनाला औषधाने अडवता येते. मूत्रपिंडरोपणाच्या रुग्णांना दिले जाणारे सायक्लोस्पोरिन नेमके हेच करते. २००८ मध्ये फ्रान्समध्ये ५८ रुग्णांना शीर उघडण्याच्या क्षणी हे इंजेक्शन किंवा नुसते सलाईन देऊन पाहिले. औषध मिळालेल्यांत स्नायूची हानी कमी दिसली आणि सर्वांच्या आशा पल्लवित झाल्या. पुढे २०१५ मध्ये ९७० रुग्णांवरील मोठ्या चाचणीचा निकाल आला. वर्षभरात मृत्यू, हृदय कमकुवत होणे किंवा त्याचा आकार वाढणे यांपैकी काहीतरी घडलेले रुग्ण औषधाच्या गटात ५९ टक्के, तर औषधाविना ५८ टक्के होते. फायदा शून्य.

असे का व्हावे? प्रयोगातला उंदीर तरुण व धडधाकट असतो. आपला रुग्ण साठीचा, मधुमेही, आधीच चार गोळ्या घेणारा असतो, आणि बैलगाडीने नाही तरी एसटीने येईपर्यंत त्याचे दोन-तीन तास गेलेले असतात. शिवाय पेशी मरण्याच्या वाटा अनेक. एक दार बंद केले तरी दुसरे उघडेच राहते.

हृदयाकडे स्वतःचेही एक संरक्षण आहे. १९८६ मध्ये कुत्र्यांत असे दिसले की आधी पाच-पाच मिनिटे चार वेळा रक्त रोखून सोडले, तर पुढच्या चाळीस मिनिटांच्या अडथळ्यात स्नायू पुष्कळ कमी मरतो. हा परिणाम थोड्या वेळाने ओसरतो, पण सुमारे चोवीस तासांनी परततो, कारण तोवर काही जनुके जागी होऊन संरक्षक प्रथिने तयार करतात. दंडाला पट्टा बांधून हृदयाला असेच तयार करण्याचा प्रयत्न पाच हजारांहून अधिक रुग्णांवर झाला. २०१९ मध्ये त्याचाही निकाल निराशाजनक आला.

घातक कणांचे नाव ऐकून कोणी जीवनसत्त्व ई च्या गोळ्या आणायला निघाला असेल, तर पैसे वाचवावेत. २००० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत त्यांनी झटके कमी झाले नाहीत.

आता त्या तरुणाच्या वडिलांविषयी. झटक्यानंतर स्नायूचा काही भाग मेलेला नसून नुसता बधिर झालेला असतो. तो काही दिवसांत ते आठवड्यांत पुन्हा काम करू लागतो. म्हणून रुग्णालयातून निघताना काढलेल्या इकोवर सारी भिस्त ठेवता येत नाही. चालू गोळ्या न चुकवता सहा आठवड्यांनी तो पुन्हा काढावा, असे त्यांना सांगितले आहे.