सर्व्हरची उष्णता जाते कोठे?

मोबाइलवर दिसणारे चित्र बहुधा दूरच्या एखाद्या सर्व्हरमधून आलेले असते. सर्व्हर म्हणजे अनेकांच्या मागण्या अहोरात्र पुरविणारा संगणक. असे हजारो सर्व्हर जेथे ठेवतात, ते डेटा सेंटर. समुद्रतळावरील केबली मुंबईच्या किनाऱ्याला लागतात. म्हणून अशी केंद्रे नवी मुंबई परिसरात वाढली. पनवेल येथे योट्टाचे मोठे केंद्र २०२० मध्ये सुरू झाले.

जगभर सर्व्हरची मागणी वाढतच आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली. या विजेचे पुढे काय होते?

सर्व्हर ओझे उचलत नाही, की पाणी उपसत नाही. म्हणून ऊर्जा अक्षय्यतेच्या नियमानुसार त्याला दिलेली जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णता बनते. १ किलोवॅट वीज घेणारे सर्व्हर दिवसाला ८६,४०० किलोज्यूल उष्णता देतात. बाष्पीभवन होताना १ लिटर पाणी सुमारे २,४०० किलोज्यूल शोषते. भागाकार करा : ३६ लिटर! म्हणजे केवळ बाष्पीभवनाने थंड राखायचे, तर १ मेगावॅटला रोज ३६,००० लिटर पाणी हवे. पाणी वाचवून यंत्राने हवा थंड करावी, तर वीज जास्त लागते.

आपल्या रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरी उन्हाळ्यात जिल्ह्यातील काही वाड्यांना टँकरने पाणी पुरवावे लागते. म्हणून नवे केंद्र उभारताना विजेबरोबर पाण्याचाही हिशेब मांडला पाहिजे.

तुमच्या घरी रोज किती पाणी लागते, ते मोजा. ३६,००० लिटर पाणी अशा किती घरांना पुरेल?