छोटा शब्द, मोठी करामत!

मी कॉन्व्हेंटची, म्हणून कॅम्पस इंटरव्ह्यू जवळ आले की मराठी मीडियमच्या मैत्रिणी विचारतात, ‘फ्रेजल व्हर्ब्ज पाठ कशी करायची गं?’ माझं उत्तर एकच : पाठ करू नका, ही युक्ती मराठीत आहेच.

बघा, ‘खा’ आणि ‘खाऊन टाक’ यात फरक आहे ना? ‘टाक’मुळे काम पुरं होतं. इंग्रजीत तेच ‘अप’ करतो. ‘ईट’ म्हणजे खा, ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाक. ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपवणे. कधीकधी मात्र अर्थच पालटतो. ‘बोलून बसला’ यात कोणी खाली बसत नाही, तसं ‘गिव्ह अप’मध्ये कोणी काही देत नाही, प्रयत्न सोडतो.

आता एक नियम. ‘टर्न ऑफ द मोटर’ किंवा ‘टर्न द मोटर ऑफ’, दोन्ही बरोबर. पण ‘इट’ आलं की ते मध्येच बसतं : ‘टर्न इट ऑफ’. ‘लुक आफ्टर’ची जोडी मात्र फुटत नाही : ‘लुक आफ्टर इट’.

रोज एकच जोडी घ्या, लॅबमधल्या वाक्यात वापरा. येत असलेलं उत्तर केवळ इंग्रजीच्या धाकाने गिळू नका!