वाफ्यात मांजर आलं तर

बाळा, मेथी उगवायच्या आत कुणी वाफा उकरून त्यात घाण करून ठेवली की जीव जळतोच. तुझा राग खोटा नाही. पण माशाच्या तुकड्यात काहीतरी कालवून ठेव, असं तुला कुणी सुचवलं ना, ते आधी डोक्यातून काढून टाक. आमच्या घरात म्हणत, हातून मांजर मेलं तर सोन्याचं मांजर करून काशीला दान करावं लागतं. कुणाला परवडणार होतं ते? म्हणून कुणी हातच उचलत नसे. आता कायदाही आहे. मुक्या जनावराला विष घालून मारलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि विष काही मांजर ओळखून पोटात जात नाही. टेकडीवरून उतरलेलं मुंगूस खाईल, शेजारचा कुत्रा खाईल, मेलेल्या मांजरावर घार बसेल.

मांजर तुझ्याच वाफ्यात का येतं, ते बघ. आपल्या पुण्यातल्या बावधनची जमीन मुळात मुरमाड. तिच्यावर सोसायट्यांनी फरशा नि पेव्हर ब्लॉक घातले. विष्ठा पुरायला मांजराला मऊ, कोरडी माती लागते, आणि सगळ्या गल्लीत तशी माती तूच करून ठेवलीस. तेव्हा माती अडचणीची कर. बी पेरलं की वाफ्यावर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी आडवी अंथर आणि कडा मातीत दाब. रोपं भोकांतून वर येतात, पंजाला मात्र उकरता येत नाही. जाळी नसेल तर तुरकाट्या चार-चार बोटांवर उभ्या रोव. कुंड्यांत नारळाच्या शेंड्या पसर. माती ओलसर राहू दे, ओल्यात पाय घालायला मांजराला आवडत नाही. संत्र्याच्या साली दोन दिवस चालतात, वास गेला की संपलं.

डांबरगोळ्या, फिनाईल, तिखटाची पूड यांतलं काहीही टाकू नकोस. मांजर पंजे चाटून साफ करतं, म्हणजे पायाला लागलेलं सगळं पोटात जातं, आणि फिनाईलसारखी गोष्ट त्याच्या यकृताला पचवता येत नाही. ते हाल होऊन मरतं.

त्यापेक्षा कुंपणाच्या कडेला, बोगनवेलीखाली, एक कोपरा त्याला देऊन टाक. तिथे वाळू घाल आणि रोज सकाळी हातमोजे घालून साफ कर. रोजच, कारण मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्माचे जंतू येऊ शकतात. ते बाधायला निदान एक दिवस जावा लागतो, त्याआधी उचललं की धोका टळतो. घरात गरोदर बाई असेल तर हे काम तिला देऊ नकोस. ती घाण कंपोस्टात घालायची नाही, आणि वाफ्यातली कोथिंबीर चांगली धुतल्याशिवाय ताटात घ्यायची नाही.

पोत्यात घालून ताम्हिणीकडे सोडून येणारी माणसं मी पाहिली आहेत. हात स्वच्छ राहिले म्हणून त्यांना बरं वाटतं. अनोळखी रानात ते मांजर उपाशी मरतं, आणि इकडे मोकळ्या जागेवर दुसरा बोका येतो. खरा उपाय नसबंदीचा. भाटी पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, आणि दोनेक महिन्यांत पिल्लं होतात. बावधन बुद्रुकही 2021 पासून महापालिकेत आहे, तेव्हा आधी तिथल्या पशुवैद्यकीय विभागात विचार, नाहीतर सोसायटीने वर्गणी काढून डॉक्टर गाठावा. ऑपरेशन झालेल्या मांजराच्या कानाचं टोक छाटतात, त्यावरून ओळखता येतं. बोक्याचं भिंतीवर धार मारणंही पुष्कळ कमी होतं. जो खायला घालतो त्याने नसबंदीचाही भार उचलावा, असं माझं मत आहे. नुसतं दूध ठेवून पुण्य घेऊ नये.

एका ठिकाणी मात्र मी मांजराच्या विरुद्ध आहे. जास्वंदीत बुलबुलाचं घरटं असलं आणि पिल्लं उडायला शिकत असली, तर त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ पाण्याची नळी हातात ठेव आणि मांजर दिसलं की पाण्याने हुसकाव. पाखरांचं पाण्याचं भांडं झुडपाजवळ ठेवू नकोस, मोकळ्यावर उंच टांग. मांजर झुडपाआड दबा धरतं.

कुंड्यांमागे पिल्लं सापडली तर लगेच उचलू नकोस. भाटी शिकारीला गेलेली असते, आणि जागा बदलायची तर ती आपण होऊन तोंडात धरून नेते. लांबून बघ, घरातल्यांनाही हात लावू देऊ नकोस. ती सगळी घेऊन गेली की मग फट बुजव, पण बुजवण्याआधी बॅटरी मारून आत एखादं राहिलं नाही ना, ते नीट पाहा. पिल्लं स्वतः खायला लागली की भाटीला ऑपरेशनला न्यायचं. नेण्याआधी चार दिवस तिला पिंजऱ्यातच खायला घाल, म्हणजे त्या दिवशी धावपळ होणार नाही.