मोठा खेळाडू नसलेला मोठा कोच

प्रश्न : २०११ च्या आशियाई कपमध्ये भारताचे कोच असलेले बॉब हॉटन खेळाडू म्हणून कुठे गाजल्याचं ऐकिवात नाही. तरीही त्यांनी एक संघ युरोपियन कपच्या फायनलपर्यंत नेला होता म्हणे. हे खरं आहे का? आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाला कोच नेमायचा तर पहिला प्रश्न असतो, ‘गडी खेळायचा कसा?’ मग अशा माणसाचं मोठे खेळाडू ऐकतात तरी का?
— एक फुटबॉलप्रेमी, कोल्हापूर

उत्तर : अगदी खरं आहे. ३० मे १९७९ ला म्युनिकच्या ऑलिंपिक स्टेडियमवर स्वीडनचा माल्मो संघ युरोपियन कपची फायनल खेळला, तेव्हा त्याचे कोच हॉटन होते. वय अवघं ३१. समोर इंग्लंडचा नॉटिंगहॅम फॉरेस्ट आणि त्यांचे मॅनेजर ब्रायन क्लफ. दोन्ही संघांची सूत्रं इंग्लिश माणसाकडेच, पण दोघे तिथवर आले अगदी वेगळ्या वाटांनी.

क्लफ तुमच्या तालमीत सहज पास झाले असते. मिडल्सबरो आणि संडरलंडकडून लीगच्या २७४ सामन्यांत २५१ गोल! १९६२ च्या डिसेंबरमध्ये गोलकीपरशी टक्कर होऊन गुडघा कामातून गेला आणि तिशीतच त्यांना मॅनेजर व्हावं लागलं. पुढे डर्बी काउंटी आणि फॉरेस्ट या दोन्ही संघांना त्यांनी इंग्लिश लीग जिंकून दिली. फळ्यावर आकृत्या काढून शिकवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. योग्य माणूस योग्य जागी उभा करायचा आणि त्याच्याकडून जीव तोडून खेळून घ्यायचं, ही त्यांची रीत.

हॉटन यांचा जन्म लंडनचा, १९४७ चा. ते फुलम क्लबात घडले, पण वरच्या पातळीवर जम बसला नाही. पाय थकेपर्यंत छोट्या क्लबांत खेळत राहण्यापेक्षा त्यांनी विशीतच कोचिंगचा अभ्यास धरला. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनचे कोचिंगप्रमुख तेव्हा अ‍ॅलन वेड होते. खेळाची तत्त्वं वेगळी काढून शिकवता येतात, आणि सराव करायचा तो सामन्यात येणाऱ्या प्रसंगांचाच, असा त्यांचा आग्रह. हॉटन आणि त्यांचे जुने मित्र रॉय हॉजसन हे दोघेही याच मुशीतले. मेडस्टोन युनायटेडसारख्या छोट्या क्लबात हात बसल्यावर हॉटन १९७४ मध्ये माल्मोला गेले. तेव्हा ते २६ वर्षांचे होते, आणि संघातला बो लार्सन त्यांच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा, शिवाय १९७० चा वर्ल्ड कप खेळून आलेला!

आता तुमचा खरा प्रश्न : अशांनी त्यांचं का ऐकावं? कारण हॉटन यांच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी होतं आणि ते मैदानावर लगेच पडताळून पाहता येत होतं. स्वीडनमध्ये तेव्हा जर्मन वळणाचा बचाव चाले. प्रत्येकाने आपापला प्रतिस्पर्धी धरायचा, तो जाईल तिकडे जायचं आणि सगळ्यांच्या मागे एक मोकळा बचावपटू. हॉटन यांनी हा मोकळा गडी काढून टाकला. चार बचावपटू एका रेषेत आणि प्रत्येकाने माणसाऐवजी जागा सांभाळायची. चेंडू डावीकडे गेला की चौघांनी डावीकडे सरकायचं. प्रतिस्पर्ध्याने चेंडू मागे दिला की चौघांनी एकदम पुढे यायचं, म्हणजे त्याचे फॉरवर्ड ऑफसाइडमध्ये सापडतात. लेझमीच्या पथकासारखंच हे, एकाचं पाऊल चुकलं की सगळी रांग विस्कटते. राइट बॅक अर्धं पाऊल जरी मागे रेंगाळला तरी समोरचा फॉरवर्ड ऑनसाइड राहतो आणि बाकी तिघांची मेहनत पाण्यात जाते.

म्हणून सरावात समोर प्रतिस्पर्धी न ठेवताच अकरा जणांना उभं करायचं, चेंडू इकडून तिकडे फिरवायचा आणि जागा चुकली की थांबवून पुन्हा पहिल्यापासून. हे कंटाळवाणं असतं आणि खेळाडू कुरकुरतात. पण रविवारी सामन्यात तोच प्रसंग येतो आणि पाय आपोआप योग्य जागी पडतात, तेव्हा कुरकुर थांबते. माल्मोने हॉटन यांच्या हाताखाली १९७४, १९७५ आणि १९७७ मध्ये स्वीडिश लीग जिंकली.

फायनलच्या वाटेवर याच संघाने मोनॅको, दिनामो कीव्ह, पोलंडचा विस्वा क्राकूव्ह आणि ऑस्ट्रिया व्हिएन्ना यांना गारद केलं. माल्मोत एकही परदेशी खेळाडू नव्हता. फायनलला लार्सनसकट काही प्रमुख खेळाडू दुखापतीमुळे बाहेर होते. फॉरेस्टकडे मात्र ट्रेव्हर फ्रान्सिस होता, दहा लाख पौंडांना विकला गेलेला पहिला ब्रिटिश खेळाडू. मध्यंतर तोंडावर आलेलं असताना जॉन रॉबर्टसनच्या क्रॉसवर त्यानेच हेडर मारला आणि फॉरेस्ट १-० ने जिंकला. माल्मोनंतर आजवर नॉर्डिक देशांमधला एकही क्लब या फायनलला पोहोचलेला नाही.

हॉटन यांच्या यशामुळे हॉजसन यांनाही वाट मिळाली. तेही मोठे खेळाडू नव्हते, क्रिस्टल पॅलेस क्लबात असूनही त्याच्या पहिल्या संघात कधी खेळले नव्हते. १९७५ मध्ये स्वीडिश लीगमधली जागा कशीबशी वाचवलेला हाल्मस्टाड क्लब त्यांच्या हाती आला आणि पुढच्याच वर्षी विजेता झाला. हेच हॉजसन २०१२ ते २०१६ इंग्लंडचे मॅनेजर होते. या दोघांच्या संघांचा खेळ बारकाईने पाहून शिकणाऱ्या स्वीडिश तरुण कोचांमध्ये स्वेन-गोरान एरिक्सन होते. तेही खालच्या डिव्हिजनपुरतेच खेळलेले. १९८२ मध्ये त्यांनी स्वीडनच्या योतेबोर्ग क्लबाला यूईएफए कप जिंकून दिला आणि २००१ मध्ये ते इंग्लंडचे पहिले परदेशी कोच झाले. इंग्लंडने बाहेर पाठवलेली विद्या पंचवीसेक वर्षांनी स्वीडिश माणसाच्या हातून इंग्लंडलाच परत मिळाली!

पण हॉटन यांची विद्या सगळीकडे फळली असं नाही. १९८० मध्ये ते ब्रिस्टल सिटीला गेले. क्लब आधीच घसरणीला लागलेला आणि पैशांची चणचण. पुढच्या वर्षी संघ आणखी एक डिव्हिजन खाली गेला. मायदेशात बस्तान बसलं नाही ते नाहीच. पुढे टोराँटो, पुन्हा माल्मो, चीनचा राष्ट्रीय संघ, उझबेकिस्तान असे मुक्काम करत २००६ मध्ये ते भारतात आले.

इथेही त्यांनी रेषा आणि अंतरं यांपासूनच सुरुवात केली. भारताने २००७ आणि २००९ चा नेहरू कप जिंकला, दोन्ही वेळा फायनलला सीरियाला हरवून. २००८ च्या एएफसी चॅलेंज कपमध्ये अफगाणिस्तानविरुद्ध गोव्याच्या क्लायमॅक्स लॉरेन्सने शेवटच्या क्षणी गोल करून संघाला तारलं. मग दिल्लीतल्या फायनलला सुनील छेत्रीच्या हॅट्‌ट्रिकच्या जोरावर भारताने ताजिकिस्तानचा ४-१ ने फडशा पाडला. त्या विजयाने १९८४ नंतर पहिल्यांदा आशियाई कपचं दार उघडलं. टीकाही होतच होती. संघ लांब लांब चेंडू टाकतो, खेळ रुक्ष आहे, तयारीच्या लांबलचक शिबिरांमुळे क्लबांना खेळाडू मिळत नाहीत, अशी. त्यात तथ्य होतं.

२०११ च्या आशियाई कपसाठी कतारला गेल्यावर मात्र या विद्येची मर्यादा उघडी पडली. ऑस्ट्रेलियाकडून ०-४, बहरीनकडून २-५, दक्षिण कोरियाकडून १-४ अशी हार. तीन सामन्यांत १३ गोल खाल्ले, तेही गोलकीपर सुब्रत पालने कितीतरी अडवल्यावर. समोरचा खेळाडू जास्त वेगवान, जास्त ताकदीचा आणि चेंडूवर जास्त हुकमत असलेला असेल, तर सरळ रेषेने तो थोडा वेळ अडतो, नव्वद मिनिटं नाही. एप्रिल २०११ मध्ये हॉटन गेले आणि संघ काही काळ गोव्याच्या आर्मांदो कोलासो यांच्याकडे आला.

तेव्हा तालमीतला प्रश्न अगदीच चुकीचा नाही, पण अपुरा आहे. चांगले खेळाडू होते म्हणून क्लफ यांना पहिल्या दिवशी मान मिळाला असेल. हॉटन यांना तो रोज सकाळी मैदानावर कमवावा लागला. पहिला दिवस सरल्यावर मात्र दोघांनाही एकच परीक्षा द्यावी लागते : याचं ऐकल्याने आपण जिंकतो का? पुढच्या वेळी कोच नेमताना उमेदवाराला मैदानावर घेऊन जा आणि विचारा, ‘चेंडू डाव्या कोपऱ्यात असताना आपल्या राइट बॅकने कुठे उभं राहायचं, आणि का?’ जो नुसती जागा दाखवेल त्याला धन्यवाद द्या. ज्याने सांगितलेलं कारण तुमच्या सोळा वर्षांच्या राइट बॅकला पटेल, त्याला नेमा, मग तो कुठेही खेळलेला असो.