पुसलेल्या खात्याची पुनःप्राप्ती

अनेक कचेऱ्यांतील संगणक परस्परांशी जोडलेले असतात. कोणत्या कर्मचाऱ्यास कोणते दप्तर उघडण्याची मुभा आहे, हे ठरविणारी एक मध्यवर्ती नोंदवही तेथे असते. मायक्रोसॉफ्टने विंडोज २००० बरोबर आणलेली 'ॲक्टिव्ह डिरेक्टरी' ही अशीच नोंदवही होय.

तीमधील एखादे खाते चुकून पुसले गेले, की त्याच नावाने नवे खाते उघडण्याचा मोह होतो. हा उपाय फसवा आहे. शिक्षकांना तो शाळेच्या जनरल रजिस्टरवरून सहज उमगेल : दोन विद्यार्थ्यांचे नाव एकच असले तरी रजिस्टर क्रमांक भिन्न असतात. येथेही परवानग्या नावाला नव्हे, तर 'सिड' या ओळखक्रमांकाला दिलेल्या असतात. नव्या खात्याचा क्रमांक नवा. सबब पगारपत्रकाच्या ऐन दिवशी लेखापालास त्याचेच दप्तर उघडत नाही.

वास्तविक पुसलेली नोंद तत्काळ नष्ट होत नाही. नोंदवहीच्या प्रती बहुधा एकाहून अधिक संगणकांवर असतात व पुसल्याची वार्ता सर्वांपर्यंत पोहोचावी लागते. म्हणून ती नोंद 'मृत' अशी खूण करून वेगळ्या कप्प्यात राखली जाते. ही मुदत प्रारंभी ६० दिवस होती. विंडोज सर्व्हर २००३ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकनंतर नव्याने उभारलेल्या व्यवस्थांत ती सर्वसाधारणपणे १८० दिवस झाली. या अवधीत नोंद जुन्याच क्रमांकासह जिवंत करता येते. मात्र गटांतील सभासदत्व, हुद्दा, दूरध्वनी आदी बहुतेक तपशील गळून पडलेला असतो.

ही उणीव २००९ साली, विंडोज सर्व्हर २००८ आर-२ मधील 'रिसायकल बिन' या सोयीने दूर केली. तीमुळे खाते गटांसह जसेच्या तसे परत येते. संपूर्ण विभागच पुसला गेला असल्यास प्रथम विभाग व नंतर त्यातील खाती, हाच क्रम पाळावा. उलट क्रमाने काम होत नाही. ही सोय मुद्दाम चालू करावी लागते, चालू केल्यावर बंद करता येत नाही, आणि त्यापूर्वी पुसलेल्या नोंदींना तिचा लाभ मिळत नाही. अपघातानंतर जागे होणाऱ्यांची येथे निराशाच होते.

अशा वेळी राखीव प्रतीचाच आधार उरतो. ती वरील मुदतीच्या आतील असावी. शिवाय परत आणलेली नोंद 'अधिकृत' ठरवून घ्यावी लागते. तसे न केल्यास इतर संगणक पुसल्याची जुनी वार्ता कळवितात आणि ती पुन्हा नाहीशी होते.